रेकॉर्डिंगमधलं ‘आवं’

आई,

आपल्या गावाकडं, धावड्याकडं तोंड करून पाया पडते. मी बराबर हाय. कलकत्त्याच्या पिक्चर कॉलेजच्या मेसमधी दोन्ही वक्ताला भात, पण सवय झाली. तुझा गुडघा कसा हाय? दादानं दवाखान्यात नेलं, का नुसतं उद्या उद्या?

तू इचारलं, माझ्या पिक्चरमधी होतं काय? आई, ज्या कादंबरीवर तो करून राह्यले, तिच्यात काहीच होत न्हाई. एक बाई दिवसभर मनात बोलून राह्यली, बस. पानंच्या पानं पूर्णविराम न्हाई. दोन महिने शूटिंग केलं अन् सगळं फेकलं.

मंग दिवाळीत गुपचूप केलेलं तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. भाकरी थापता थापता म्हैस, कापूस, माझं लग्न, संपलेलं मीठ, सगळं तू एका दमात बोलली. म्हणलं, हीच ती बाई. आता पडद्यावर रिकामं घर हाय अन् तुझा आवाज.

त्यात मधीच तू म्हणली, ‘आवं, या जेवायला.’ नाना असताना हाक मारायची, तशीच. त्यांना जाऊन तवा दीड वर्ष झाल्तं. हाक मारून तू पुढची भाकरी तव्यावर टाकली.

फोनवर तू ‘बरं’ म्हणून ठेवून दिलं असतं, म्हणून लिहून राह्यले. ती हाक ठेवू का काढू? काढ म्हणली तर लगेच काढते.

सरांनी इचारलं, ही बोलावते कोणाला?

मी म्हणलं, आमच्या नानांना. शेतातून येऊन राह्यले.

तुझीच,
आकांक्षा