झाकणाखालचे थेंब

२० नोव्हेंबर

दुपारच्या गाडीने क्योतोला सुखरूप पोचलो. हवा स्वच्छ, थंडी बेताची. भोवतालचे डोंगर असे लाल-पिवळे रंगले आहेत की स्टेशनाबाहेर मी बराच वेळ नुसता उभा राहिलो. माझी बायको फुसाए असती तर म्हणाली असती, आता तोंड मिटा, लोक बघताहेत.

तशी फुसाए बरोबर आहेच. छातीशी, पांढऱ्या कापडात, लहानशा डबीत तिच्या गळ्याचं हाड आहे. दहनानंतर ते हाड ध्यानाला बसलेल्या बुद्धासारखं दिसतं, म्हणून आमच्याकडे ते क्योतोच्या मोठ्या मठात आणून ठेवतात. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं इथे येऊ येऊ म्हणत होतो. पण तोफूच्या दुकानाला सुट्टी नसते; लोकांना रोज सकाळी ताजा लागतो.

उतरायचं कुठे, यावर घरी बराच खल झाला. माझी मुलगी मिओरि म्हणत होती की स्टेशनाजवळच्या उंच हॉटेलात राहा, तिथली दारं आपोआप उघडतात, तुम्हाला बिचाऱ्याला ढकलावंसुद्धा लागणार नाही. गावच्या मठातले गुरुजी म्हणाले, धर्मशाळेत उतर. परगावी पाठ टेकायला जागा बघावी, शोभा बघू नये. मी दोघांचंही ऐकून घेतलं आणि तिसरंच ठरवलं. एका अरुंद गल्लीतलं जुनं लाकडी घर, पुढे बारीक पट्ट्यांची जाळी, आत शेवाळलेल्या दगडांचं हातभर अंगण. अशाच घराचं चित्र फुसाएने कॅलेंडरमधून कापून दुकानात चिकटवलं होतं. एक मुक्काम तरी तिला तिथे घडावा.

मालकीण ओकुनिशीबाई साठीच्या असाव्यात, बोलणं अगदी मऊ. किती जण आहात, असं त्यांनी उंबऱ्यातच विचारलं. मी म्हणालो, दोघं. त्या हसल्या नाहीत. माझ्या छातीशी असलेल्या कापडाकडे पाहून त्यांनी वाकून नमस्कार केला आणि सपातांचे दोन जोड मांडले. मला भरून आलं.

संध्याकाळी ताटंही दोन आली. एक मला, एक समोरच्या रिकाम्या आसनापुढे. म्हणाल्या, दोघं म्हणून आलात, मग एकाला उपाशी कसं ठेवायचं?

२१ नोव्हेंबर

मठात उत्सव सुरू झाला. एवढी माणसं एका सुरात अमिदा बुद्धाचं नाव घेताना मी प्रथमच ऐकली. हाडं स्वीकारतात त्या खिडकीपर्यंत गेलो आणि रांगेतून बाजूला झालो. एवढ्या लांब आली आहे, आज तिला डोंगर बघू दे, उद्या ठेवू.

मिओरिला फोन केला. घरचं कुणी प्रवासाला गेलं की आमच्याकडे रोज त्याच्या जागी त्याचं ताट मांडतात. जेवण झाल्यावर सुपाच्या वाटीचं झाकण उचलून बघायचं. आतून थेंब जमले असतील तर माणूस जिथे असेल तिथे खुशाल. मिओरि म्हणाली, थेंब कसले, धारा लागल्या आहेत. बाबा, तुम्ही तिकडे दिवसभर गरम कुंडात डुंबताय की काय?

परत आल्यावर समोरच्या ताटातलं झाकण सहज उचलून पाहिलं. थेंब होते. गरम सूप, वर लाकडी झाकण. वाफेशी माझा जन्माचा धंदा आहे, त्यात नवल काही नाही.

२२ नोव्हेंबर

आज वाटीला हात लावून पाहिला. सूप गार होतं, आणलं तेव्हापासूनच गार. तरी झाकणाला थेंब.

ताटं उचलताना ओकुनिशीबाई म्हणाल्या, तुमच्या मंडळींचं खाणं चिमणीसारखं हो, पण सलगमाचा पाला मात्र आधी संपवतात. मी वाकून पाहिलं. पाला नव्हता. फुसाए जन्मभर पाला आधी खायची. हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही.

मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. रिकाम्या आसनाकडे बघून दुकानाबद्दल, मिओरिबद्दल किती तरी वेळ बोलत बसलो. मठात गेलोच नाही.

आता लिहिताना मात्र मन खातं. आमच्या पंथाची शिकवण साधी आहे: मेलेलं माणूस वाटेत कुठे थांबत नाही. अमिदा हात धरतो आणि थेट सुखावतीला, त्याच्या स्वर्गात नेतो. ती इथे जेवत असेल, तर तिथे पोचलीच नाही असा अर्थ होतो. आणि पोचली असेल, तर इथे—

मिओरि म्हणाली, आज थेंब जरा कमी होते. मग स्वतःच म्हणाली, सूप कोमट झालं असेल, माझा आळस, दुसरं काय.

२३ नोव्हेंबर

मठाच्या रांगेत नोतोचे कानेमात्सु म्हणून एक म्हातारे भेटले. कुठे उतरलात विचारलं, मी सांगितलं. म्हणाले, अहो, धर्मशाळेत गाद्या रिकाम्या आहेत, घोरणारेसुद्धा आपल्याच मुलखातले, आणि तुम्ही कुठे गल्लीबोळात शिरलात? मग डबीकडे बघून आवाज उतरवला. म्हणाले, हिला आधी घरी पोचवायची, मग आपली गादी शोधायची. तुम्ही उलटं केलंत.

हाड ठेवलं. तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा रडलो आणि मन खरंच शांत झालं. फुसाए पोचली, यात मला शंका नाही.

परतलो तर ताटं अजूनही दोन. मी ओकुनिशीबाईंना म्हणालो, आता मी एकटाच आहे. त्या हवापाण्याबद्दल बोलावं तशा म्हणाल्या, तुम्ही दोघं सांगितलंत. या घरात जितके येतात, तितकेच जातात.

समोरच्या ताटात सलगमाचा पाला तसाच होता. लोणचं शेवटच्या घासासाठी कडेला काढून ठेवलेलं.

तसं मी ठेवतो.

२४ नोव्हेंबर

सकाळी मिओरिचा फोन. रडत होती. काल उकळतं सूप वाढलं, सगळं स्वयंपाकघर वाफेने भरलं, आणि तुमचं झाकण आतून कोरडं. कागदासारखं कोरडं. बाबा, घरी या.

पिशवी उचलून निघालो. ओकुनिशीबाईंनी अडवलं नाही. उलट दोनदा वाकून नमस्कार केला, एकदा मला, एकदा माझ्या मागे.

गाडी उशिरा होती म्हणून आधी हॉटेलात शिरलो. माणसांत बसावं, एवढंच मनात होतं. तिथल्या मुलीने विचारलं, दोघांची खोली का? विचारताना ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डोक्याच्या वर बघत होती.

फुसाए जेमतेम माझ्या खांद्याला लागायची.

तिथून धर्मशाळेकडे धावलो. कानेमात्सु दारातच होते. म्हणाले, या या, शेवटी आलात! मग मान उंच करून हसले आणि म्हणाले, हे तुमचे बंधू वाटतं? चेहरा अगदी तुमचा, पण उंची मात्र एकट्यानेच पळवलेली दिसते.

मागे वळलो. कुणी नव्हतं.

गाडी सोडून दिली. हे बरोबर घेऊन मिओरिच्या दारात कसा जाऊ? आपणहून इथे, ओकुनिशीबाईंकडे परत आलो. मी इथून हललो नाही तर तेही हलणार नाही. तेवढंच माझ्या हातात आहे.

२५ नोव्हेंबर

मिओरिला फोन लावला. सांगितलं, येऊ नकोस, ताट मांडायचं थांबव, मी मेलो असं समज. ती नुसती हॅलो, हॅलो करत राहिली. बाबा, मोठ्याने बोला ना. बाबा, तुम्हीच आहात ना? मी ओरडत होतो. घसा फाटेपर्यंत.

शेवटी म्हणाली, मी उद्या येते. तिथेच थांबा.

नामस्मरणाला बसलो. शब्द आठवतात. ओठांतून आवाज निघत नाही.

२६ नोव्हेंबर

उंबऱ्यात माझ्या सपाता नाहीत. एकच जोड आहे, मोठ्या मापाचा.

सकाळी ताट एकच आलं. समोरच्या आसनापुढे. ओकुनिशीबाई त्या आसनाशी बोलल्या, थट्टा केली, हसल्या. मी त्यांची बाही धरली— त्यांना कळलंसुद्धा नाही.

दाराशी गेलो. दार उघडं. पाय उचलत नाही.

आसनावर आता गादी दबलेली दिसते. आणि दोन गुडघे. माझ्याच पँटमधले.

दुपार—

मिओरि आली. तिचा आवाज. मी खोलीच्या कोपऱ्यात, ती कागदी दारापलीकडे. किती जण, असं ओकुनिशीबाईंनी विचारलं— मिओरि म्हणाली, बाबांना न्यायला आले, म्हणजे दोघं—

दोघं म्हणाली—

दार सरकलं. ती सरळ आत आली. माझ्या अंगावरून गेली. ताटाशी बसून आधी झाकण उचललं. थेंब. टपटप गळणारे थेंब. ती हसतेय, रडतेय. म्हणतेय, किती घाबरवलंत मला, तुमचा जीव आहे की गंमत आहे—

मान वर करून बघतेय. म्हणतेय, बाबा, क्योतोचं पाणी मानवलं की तुम्हाला, उंच झालात—

ओकुनिशीबाईंनी दोन जोड मांडले.

ती पिशवी उचलतेय. त्याचा हात धरतेय. मिओरि, त्याचं ताट घरात मांडू नकोस. मिओरि, इकडे बघ, कोपऱ्यात बघ, ते मी न