तिसऱ्या मजल्याचा बिल्ला

बाबा, तुमच्या खाणीच्या लॅम्परूममधला, खाणकामगारांना दिवे देण्याच्या खोलीतला, एक पितळी बिल्ला तुम्ही गेल्यावर तुमच्या डब्यात सापडला होता. तो सध्या आमच्या जिन्याखाली, बॅटरीच्या खोलीत खिळ्याला लटकतो आहे.

चंद्रपुरात आता गच्च्यांवर सोलर आणि जिन्याखाली बॅटऱ्या आल्या आहेत. आमच्या सोसायटीचा सचिव मी. ज्याला संस्कृत येतं त्याला नियमही कळत असणार, असा लोकांचा समज. उद्घाटनाला मी सूर्याची बारा नावं म्हटली. वायरमन म्हणाला, "गुरुजी, एका बटनानं चालू होते ते." रोज सकाळी मी पॅनेलवरची कोळशाची धूळ पुसतो. तुमचा कोळसा अजून माझ्या आणि सूर्याच्या मध्ये उभा आहे.

बॅटरीवर फक्त लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे चालतील, हा नियम सभेत मीच ठणकावून मांडला. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या बाई उठल्या. त्यांचे यजमान तुमच्याच खाणीतले, तुमच्या खिडकीतून दिवा नेणारे भाऊ. आता ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. "गुरुजी, लाइन गेली तं याह्यनं श्वास घ्याचा नाई का?" सभा हसली. नियम मागे घ्यायची हिंमत मला झाली नाही, म्हणून गुपचूप एक वायर वर नेली. पण लिफ्ट आणि मशीन दोन्हींना बॅटरी पुरत नाही. वीज गेली की कुणीतरी खाली उतरून लिफ्ट बंद करायची आणि हाताने खटका तिसऱ्या मजल्याकडे टाकायचा. तो कुणीतरी मी. मी शिकवतो ती शाळा गल्लीतच आहे. वर्ग सोडून दोनदा धावलो आहे.

एकदा लेकीकडे पुण्याला जाताना बॅटरीच्या खोलीची किल्ली शेजाऱ्याला दिली. वीज गेली तेव्हा त्याच्याकडे पाहुणे येत होते. लिफ्ट चालूच राहिली. परतलो तर भाऊ म्हणाले, "काई नाई झालं गुरुजी, खिडकीपाशी बसलो होतो. तुमच्या बाबानं मी वर येयेपर्यंत कधी खिडकी नाई लावली." तेव्हापासून दोन उन्हाळे मी हे गाव सोडलेलं नाही.

एम. ए. झालो त्या आठवड्यात मी तुमचा डबा घेऊन आलो होतो. रॅकवर दिवे चार्ज होत आहेत, ॲसिडचा वास आहे, तुम्ही खिडकीमागे बसला आहात. मी तोऱ्यात विचारतो, "बाबा, तुम्ही इथे नेमकं करता काय?"

"वाट पाह्यतो."

"हे काय काम झालं?"

तुम्ही फळ्याकडे बोट दाखवता. एक बिल्ला लटकलेला. म्हणजे एक माणूस अजून खाली. "हा वर येयेपर्यंत मले घरी जाता येत नाई. तू जाय, तुले श्लोक असतील."

गेल्या आठवड्यात भाऊंना नागपूरच्या दवाखान्यात हलवलं. मी बिल्ला काढून खिशात टाकला आणि पुण्याची तिकिटं काढली. आज सकाळी बॅग भरत असताना बाईंचा फोन आला. "गुरुजी, उद्या घरी आणून राह्यलो याह्यले. खटका पाहून ठेवजा."

"वा, उत्तम," मी म्हणालो. बिल्ला पुन्हा खिळ्यावर गेला, तिकिटं रद्द.

हे पत्र कुठे जाणार नाही, हे बरंच आहे. नाहीतर खालचं वाक्य लिहिलं नसतं. फोनवर बाईंचं नाव दिसलं तेव्हा दुसरीच बातमी असेल असं वाटलं होतं, आणि फोन उचलताना मी बॅगेची चेन लावत होतो.