पेचेनेगांची वही

बाबा, तुमच्या त्या चिखल्याच्या पोरीचं पुस्तक आलं. पोर कसली, केस पिकलेत तिचे, पण माझ्या डोळ्यांपुढे ती अजून आपल्या अंगणात वेणीचं टोक चावत बसलेली नववीतलीच आहे. पुस्तक बायझंटाइन साम्राज्याच्या विसरल्या गेलेल्या शत्रूंवर आहे. पहिल्याच पानावर ‘सरांना’. उगाच खोटं कशाला बोलू, तो एक शब्द वाचून माझा जळफळाट झाला.

शाळेत तुम्ही अभ्यासक्रमातला इतिहास शिकवायचात आणि ज्या लढायांना कुणी विचारत नाही त्या घरी सारवलेल्या अंगणात मांडायचात. राखेची रेघ म्हणजे डॅन्यूब नदी. अलीकडे सम्राटाची फौज, ती धानाची. पलीकडून घोड्यांवर येणारे भटके पेचेनेग, ते लाखोळीच्या डाळीचे दाणे. मला कायम धान मिळायचं. मास्तरांची मुलगी म्हणून सम्राटाची बाजू माझी, असं मी धरूनच चालले होते. लाखोळी तिच्या वाट्याला. तिचे वडील तिकडे चिखल्याला खाणीत, ती आपल्या गावात मामाकडे शिकायला राहिलेली. आतून आई ओरडायची, “तुमची लढाई आटपा लवकर, मले लाखोळी निवडाची हाये.”

एका रविवारी तुम्ही शेवटची लढाई मांडली. सम्राटाने दुसऱ्या भटक्यांना हाताशी धरलं आणि एका दिवसात पेचेनेगांचा बायकापोरांसकट निकाल लावला. मी टाळ्या वाजवल्या. ती दाण्यांकडे बघत म्हणाली, “सर, यायच्या बाजूनं कोनं लिवलं?”

“कोनीच नाही,” तुम्ही म्हणालात. “राजाच्या पोरीनं लिवलं, ते बापाच्या बाजूनं.” मग माझ्याकडे वळलात. “अन् तू टाळ्या कायले वाजवून राहिली? हारलेल्यायले मायबाप नसते का?”

तिच्यासमोर म्हणालात, बाबा. मी लाथेसरशी डॅन्यूब मोडली, धान आणि लाखोळी एक केली. आईने मला सूप घेऊन तो सगळा पसारा निवडायला बसवलं. मी दाणे वेगळे करतेय आणि तुम्ही शेजारी बसून तिला तुमची पेचेनेगांची वही दाखवताय. मला ती वही तोवर तुम्ही कधी दाखवली नव्हती. मी मागितलीही नव्हती म्हणा.

पुढे गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं, अंगण गेलं. नव्या घरात तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा एवढंच म्हणालात, “वही तिले देजो.” मी हो म्हटलं. तुम्ही गेल्यावर तिचा फोन आला, तेव्हा सांगितलं की सामान हलवताना वही हरवली. तिने विश्वास ठेवला. प्रस्तावनेत तिने तसंच लिहिलंय, फार हळहळून.

वही माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. इतकी वर्षं मी ती उघडली नव्हती. काल उघडली, तीही पेचेनेगांसाठी नाही. तिच्याबद्दल तुम्ही काय लिहिलंय आणि माझं नाव कुठे आहे का, तेवढंच बघायला. पानन् पान चाळलं. माझं नाव नाही. तिचंही नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू! मग स्वतःचीच लाज वाटली, आणि वहीला जाड कागद गुंडाळून त्यावर तिचा पत्ता घातला.

आज सकाळी तो कागद पुन्हा सोडला. तिला पुस्तक मिळालं, तुम्हीही मिळालात. वही तरी माझ्याकडे राहू द्या, बाबा.