पडद्यापलीकडची शेजारीण

मी, खाली सही करणारा, जन्मभर खुर्च्या दुरुस्त केलेला सुतार, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि चहा घेऊन लिहीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डोके जागेवर आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पडद्यापलीकडून मधूनमधून "अक्षर नीट काढा, मुंग्या चालल्यासारखं नको" असे ऐकू येते, ते दडपणात धरू नये. चहा माझ्याच शेगडीवरचा होता, याचीही नोंद घ्यावी.

मी गुन्हेगार आहे हे आधीच सांगून टाकतो, उगाच मागाहून कोणी उकरून काढायला नको. मी माझा वृद्ध भत्ता आणायला कचेरीत गेलो असता मला बसायला जी खुर्ची मिळाली, तिचा मागचा पाय डुगडुगत होता. डुगडुगत्या खुर्चीवर मला बसवत नाही, अंगाची आग होते. शिपाई जेवायला गेला होता. मी खुर्ची घरी आणली, पाय सोडवला, सरस लावला, पाचर ठोकली आणि वाळत ठेवली. सरस वाळायच्या आत पोलीस आले.

न्यायाधीशांनी विचारले, "खुर्ची तुम्ही उचलली का?"

आता खुर्ची काय आपल्या पायांनी घरी येते? मी म्हणालो, "उचलली की. एका हाताने उचलली, या वयातसुद्धा."

लिहून घेणाऱ्याने तेवढेच लिहून घेतले आणि मी उचल्या ठरलो. शिक्षा म्हणाल तर नुसती ताकीद. पण नव्या नियमाप्रमाणे गुन्हा किरकोळ असला तरी शाबीत झाला की भत्ता स्थगित, आणि गुन्हेगाराच्या चुलीवर जो जेवतो त्याचाही स्थगित. म्हणजे माझ्या बायकोचाही. तिने जन्मात कोणाची टाचणी उचलली नाही.

भत्त्याच्या कारकुनाने वाट दाखवली. म्हणाला, "चूल वेगळी करा. मग कागदोपत्री या तुमच्या कोणी नाहीत. शेजारीण समजा." त्याप्रमाणे आम्ही दोघांनी चूल वेगळी केल्याचे लिहून दिले आणि तिचा भत्ता पुन्हा सुरू झाला. दोघे त्याच्यावरच जगतो आहोत. (शेवटचे वाक्य खोडावे.) हा कागद माझ्यामागे त्याच कचेरीत वाचला जाणार. लिहून दिलेले खोटे निघाले तर तोही गुन्हा, आणि मग तिचाही भत्ता कायमचा गेला. सबब, यापुढे या मृत्युपत्रात सदर बाईंना "शेजारीण" असे संबोधले आहे.

आमची खोली एक आहे. मधे पडदा आहे. अलीकडे मी व माझी शेगडी, पलीकडे शेजारीणबाई व त्यांची शेगडी. पलंग एकच असल्यामुळे पडदा त्याच्या मधोमध जातो. हा बांधकामाचा दोष आहे.

चुली खरोखर वेगळ्या आहेत का हे बघायला कचेरीचा तपासनीस न सांगता येतो. मागच्या खेपेला तो आला तेव्हा शेजारीणबाईंनी पडद्याची काठी वाजवून विचारले, "अहो शेजारी, मीठ आहे का चमचाभर?"

मी म्हणालो, "आहे, पण मागचं अजून परत आलेलं नाही."

तपासनीस खूश झाला. मग त्याने दोन्हीकडची झाकणे उघडून पाहिली. दोन्हीकडे वांग्याचीच भाजी. तो माझ्याकडे बघू लागला. शेजारीणबाई म्हणाल्या, "नकलाकार आहे मेला. मी काय करते ते वासावरून ओळखतो आणि तेच करतो." एवढ्या सहजपणे तिने मला मेला म्हटले की तपासनिसाची खात्रीच पटली. (वर "तिने" पडले आहे, तिथे "त्यांनी" वाचावे.)

आता वाटणी.

माझे रंधे, पटाशा व करवती मुलीला द्याव्यात. तिचा हात सरळ चालतो. जावईबापूंना हत्यारांना हात लावू देऊ नये. त्यांनी माझ्या चांगल्या पटाशीने रंगाचा डबा उघडला होता आणि वर "धार नाही हो हिला" म्हणाले होते. त्यांना तो डबा द्यावा. रंग वाळला आहे.

उरलेला सरस भत्त्याच्या कारकुनाला द्यावा. तो निवृत्त व्हायला तयार नाही असे ऐकतो. खुर्चीला चिकटून बसायला उपयोगी पडेल. न्यायाधीशसाहेबांना माझ्यातर्फे नमस्कार सांगावा आणि ते बसतात ती खुर्ची एकदा कोणा जाणत्याला दाखवावी. निकाल ऐकताना मला ती करकरताना ऐकू येत होती, पण मी गप्प बसलो. एकदा अंगलट आले तेवढे पुरे.

खोली, दोन्ही शेगड्या, पलंगाचा माझा अर्धा भाग व माझा रेडिओ हे सर्व शेजारीणबाईंना, चांगल्या शेजारधर्माबद्दल.

इथवर लिहून मी वाचून दाखवले. शेजारचा न्हावी आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई साक्षीला येऊन बसले होते. पडद्यापलीकडे भांडी वाजायची थांबली. मग पडदा सरकला आणि ती अलीकडे आली, हात पुसत.

"पुन्हा वाचा. कोणाला दिलंत सगळं?"

"शेजारणीला. म्हणजे तुलाच गं."

"माझं लग्न शेजाऱ्याशी झालं होतं का? उद्या तुम्ही गेल्यावर मी काय दारात उभी राहून, फार चांगले होते हो शेजारी, असं सांगत बसू?"

मी म्हणालो, "अगं, नीट विचार कर. बायको लिहिलं तर तुझा भत्ता बंद होईल. मी नसणार. तू खाशील काय?"

"ते माझं मी बघेन. मुलगी आहे, हातपाय आहेत. तपासनिसासमोर तुम्हाला मेला म्हटलं, त्या रात्री मला घास गिळवला नाही. आता कागदावर तुम्ही मेल्यावरसुद्धा तेच नाटक? गेला तो भत्ता चुलीत!"

मला सवयीने विचारल्याशिवाय राहवले नाही. "कोणत्या?"

"आपल्या," ती म्हणाली.

नर्सबाईंनी चष्मा पुसायला काढला. माझे अक्षर थोडा वेळ खरोखरच मुंग्यांसारखे आले, ते वाचणाऱ्याने समजून घ्यावे.

सबब दुरुस्ती: या मृत्युपत्रात जिथे जिथे "शेजारीण" असे आले आहे, तिथे तिथे "माझी बायको" असे वाचावे. जिथे "त्या" आहे, तिथे "ती". आम्ही चूल कधीच वेगळी केली नव्हती. वांग्याची भाजी एकदाच होत असे, ती करत असे, आणि अर्धी माझ्या पातेल्यात ओतत असे. तपासनिसाने हवे ते करावे.

सही: सुतार, तिचा नवरा

साक्षीदार:
१. शेजारचा न्हावी. भिंतीपलीकडून आमची भांडणे रोज ऐकत असल्याने आम्ही नवराबायको असल्याचे शपथेवर सांगू शकतो.
२. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई. सुताराची शुद्ध तपासली, आहे.

ठिकाण: आमची खोली, पूर्ण.
दिनांक: आज, मंगळवार. जेवण व्हायचे आहे, ती पाने घेते आहे.