पंचवीस मुली आणि एक मोटार

१ नोव्हेंबर १९३२, मंगळवार
दिवाळीची सुट्टी संपली. नवी वही. निश्चय: रोज पाच ओळी लिहायच्या, तक्रार लिहायची नाही.
आज शाळेत मुली अकरा. अकरा! बीडहून मोहतमीम तालीमात (शिक्षणखात्याचे जिल्हा अधिकारी) साहेबांचा हुकूम आला आहे. २१ डिसेंबरला मुआयना, म्हणजे शाळेची तपासणी. त्या दिवशी पंचवीस मुली हजर नसल्या तर मंजुरी रद्द आणि शाळेला कुलूप. पटावर चाळीस नावं आहेत, पण साहेब पट मोजत नाहीत, डोकी मोजतात. नेकनूरला मुलींची ही एकच शाळा. नऊ वर्षांपूर्वी मी ती काढली आणि आजवर चालवली. बंद होऊ देणार नाही.
मुली का येत नाहीत ते उघड आहे. बहुतेक सगळ्या वरच्या डोंगरवाडीच्या. अंतर फार. बसम्मा (शाळेची शिपाईण; झाडलोट, घंटा, पाणी आणि न विचारलेलं मत) म्हणाली, "बाई, पोरी कावून येत न्हाईत ते मी सांगते." मी म्हटलं, ते मला ठाऊक आहे, तू घंटा दे.
वाडीची गंगासागर उशिरा आली, कडेवर भाऊ घेऊन. नियम तिसरा: वर्गात लेकरू आणायचं नाही. परत पाठवली. हुशार मुलगी, पण नियम तो नियम.

३ नोव्हेंबर
उपाय सुचला. मोटार.
शाळा कमिटीचे अध्यक्ष रुद्रप्पा कापडवाले यांच्या परसात एक जुनी अमेरिकन मोटार दहा-बारा वर्षं पडून आहे. हौसेने घेतली, एकदा लिंबागणेशला गणपतीच्या दर्शनाला नेली, परत बैलांनी आणली. मागच्या गादीवर आता कोंबड्या अंडी घालतात. मी मागितली. रुद्रप्पा म्हणाले, "न्या की बाई, नुसत्या कोंबड्या तेवढ्या हितं ठिवा."
योजना: वरचं कुजलेलं अंग काढून टाकायचं. खालचा लोखंडी सांगाडा शाबूत आहे. त्यावर बैलगाडीसारखं लाकडी अंग बसवायचं. चाकं उंच आहेत, दगडधोंडे, ओढे, काळी माती, काहीही पार करील. रोज सकाळी वाडीवर जाऊन मुली भरून आणायच्या.
कॉलेजात पदार्थविज्ञानात मी मुलींत दुसरी आले होते. (दोघीच होतो.) यंत्राचं भय मला नाही.

४ नोव्हेंबर, शुक्रवार, सुट्टी
वेळापत्रक केलं. अंग काढणे, एक दिवस. नवीन बसवणे, दोन दिवस. इंजिन, अर्धा दिवस. बुधवारी पहिली फेरी.

९ नोव्हेंबर, बुधवार
पहिली फेरी पुढे ढकलली.
सटवा मिस्त्री आला. गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवतो, सुतारकीही करतो, विहिरीवरची दोन ऑइल इंजिनं त्याने दुरुस्त केली आहेत. मोटारीभोवती तीन चकरा मारल्या आणि विचारलं, "बाई, बैल कुठं जुपायचे?" मी त्याला अंतर्गत ज्वलन समजावून सांगितलं. पाऊण तास. शेवटी म्हणाला, "समदं समजलं. पन बैल लागले तर कुठं जुपायचे?"
जुनं अंग काढायला सहा माणसं लागली. गादी रुद्रप्पांनी दुकानात नेली, गिऱ्हाइकांना बसायला. कोंबड्या मागोमाग गेल्या.

१५ नोव्हेंबर
नव्या अंगाचं माप मी इंचात लिहून दिलं होतं. सटव्याने कागद कानाला खोचला आणि गाठी मारलेल्या सुतळीने माप घेतलं. खूप बोलले. शास्त्र आणि सुतळी यांतला फरक समजावला. आज अंग चढवलं तर ठोकताच बसलं. माझ्या कागदाप्रमाणे केलं असतं तर एक वीत आखूड पडलं असतं, असं तो म्हणतो. म्हणजे माझं माप जवळपास तेच होतं.
अंग मात्र देखणं झालं आहे. बाभळीचा सांगाडा, सागाच्या फळ्या, चारी बाजूंनी छातीएवढा कठडा, मागे दार, त्याला बाहेरून कडी. घाटात कुणी मुलगी बाहेर पडायला नको. ही सूचना माझी.

१९ नोव्हेंबर
मोटार शाळेच्या आवारात आली. ओढून आणली असं गावात बोलतात, ते खरं नव्हे. उताराला ती स्वतःच चालत होती, बैल पुढे पळत होते.
इंजिन सुरू झालं नाही. सकाळपासून हँडल मारलं. मी चाळीस वेळा, सटव्याने शंभर. बीडहून पेट्रोलचे चार डबे आणवले आहेत, त्यांचा वास वर्गात येतो. मुली तेरा.

२४ नोव्हेंबर
मुली सोळा! मोटार अजून जागची हललेली नाही, तरी हा परिणाम. प्रगती डोळ्यांनी नुसती पाहिली तरी मुलींत शिक्षणाची ओढ निर्माण होते, हे सिद्ध झालं.
एक किरकोळ बाब. मधल्या सुट्टीत पाहते तो मोटारीत पाच लेकरं. कठड्याच्या आत बसलेली, कडी बाहेरून लावलेली. बसम्माला विचारलं. म्हणाली, "ह्या पोरींचे भाऊ-बहिनी हायत, बाई. आया खुरपायला जातात, लेकरं पोरींच्या गळ्यात. आता मोटारीत टाकतात आन वर्गात येतात. मी हाय की बघायला." मी म्हटलं, नियम तिसरा. ती म्हणाली, "नियम वर्गाचा हाय. ही मोटार हाय."
नियमात आवाराचा उल्लेख राहून गेला आहे. मोटार सुरू होईपर्यंत सवलत दिली.

१ डिसेंबर
मुली वीस. लेकरं आठ, आणि एक करडू. गंगासागर नियमित येते. तिचा भाऊ सबंध दिवस रबरी भोंगा वाजवतो. भूगोल त्या तालावर घ्यावा लागतो. तक्रार नाही, नोंद आहे.

६ डिसेंबर, दुपारी १
सुरू झाली!
पेट्रोलच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. सटव्याने ते टोचून काढलं आणि तिसऱ्या हँडलला इंजिन धडधडलं. शाळेतल्या सगळ्या मुली बाहेर. लेकरांना आधी उतरवावं लागलं, तेव्हा आठहीजणांनी असा आकांत केला की इंजिन ऐकू येईना.
मोटारीसोबत आलेली पुस्तिका वाचून मी स्वतः आवारात दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत कडुलिंबाच्या पाराला किंचित स्पर्श. पार हलला नाही, म्हणजे वेग योग्य होता.

१० डिसेंबर
घाटाची चाचणी. सपाटीला उत्तम. चढ लागताच इंजिन गप्प. पेट्रोलची टाकी बसायच्या जागेखाली. चढावर पुढचं इंजिन टाकीच्या वर जातं आणि पेट्रोल पोचत नाही. हे मी ताबडतोब ओळखलं. सटवा म्हणाला, "मी मघापासून तेच सांगायलो." उपायही शास्त्रात आहे: मोटार उलटी करायची आणि मागे मागे चढायचं.
तसं केलं. चढली! रिव्हर्समध्ये, डौलात. मी तोंड गावाकडे करून डोंगरावर गेले. ज्वारीच्या राखणीवरचे लोक मचाणावरून ओरडत होते, "बाई, वाडी तुमच्या पाठीमागं हाय!" "बाई, रुसून चाललाव का?" अडाणीपणा. शिक्षणाची गरज इथे किती आहे ते यावरून दिसतं.
अर्ध्या घाटातून परत आले. सटवा मागे दगड घेऊन पळत होता, चाकाखाली ठेवायला. त्याची दमछाक झाली.

१५ डिसेंबर
मुली चोवीस. एकच कमी.
बसम्माने नवंच काढलं. "बाई, मोटार हितंच राहू द्या." मी म्हटलं, मोटार उभी राहण्यासाठी नसते. "ती उबी हाय म्हनून तर पोरी येतात." मी म्हटलं, मुली येतात त्या मोटारीच्या प्रभावाने, आणायला गेल्यावर दुप्पट येतील. "आन लेकरं?" मी म्हटलं, सवलत मोटार सुरू होईपर्यंतच होती. ती बराच वेळ झाडत राहिली, त्याच त्या जागी.
तर्कशास्त्र बायकांना शिकवलं पाहिजे.

१८ डिसेंबर
शेवटचा आराखडा. मुआयन्याच्या दिवशी वाडीची एकही मुलगी पायी येणार नाही. आठ वाजता मोटार वाडीच्या मारुतीपाशी उभी राहील. सगळ्या मुली, केस विंचरलेल्या, हातात पाट्या. दहाला साहेब येतील तेव्हा मोटार आवारात शिरेल. साहेब खुर्चीवरून उठून उभे राहतील असा माझा अंदाज आहे.
बसम्माला निरोप घेऊन वाडीवर पाठवलं. संध्याकाळी विचारलं, सांगितलंस का? म्हणाली, "सांगायचं ते सांगितलं, बाई."
चांगली बाई आहे. हळूहळू शिस्त लागते आहे.

२० डिसेंबर, सायंकाळी
पेट्रोल भरलं. कठडे पुसले. लेकरांनी फळ्यांना लावलेला गूळ निघत नाही. मोटारीवर खडूने "कन्याशाळा, नेकनूर" लिहिलं. छातीत किंचित धडधड. इंजिनाची काळजी, दुसरं काही नाही.

२१ डिसेंबर, बुधवार, सकाळी ६
थंडी. पहिल्या हँडलला सुरू. निघाले. सटवा मागे उभा आहे, दगडासह. वही बरोबर घेतली आहे.

सकाळी ८ वाजून १० मिनिटं, डोंगरवाडी
पोचले! एकदाही बंद पडली नाही. दोन ओढे, तीन कोस गाडीवाट, अख्खा घाट उलटा. या डोंगरावर चढलेली ही पहिली मोटार असावी, आणि चढवली ती एका बाईने. सटवासुद्धा म्हणाला, "मानलं बाई." मारुतीपाशी उभी आहे.
मुली मात्र नाहीत. एकही नाही. भोंगा वाजवला. एक म्हातारी आली, साखराबाई नावाची. गंगासागरची आजी. म्हणाली, "पोरी? त्या कव्हाच गेल्या, पायवाटेनं. लेकरं घिऊन गेल्या. साळंत सायेब येनार म्हनं आज."
मी विचारलं, पायवाट कुठली? तिने देवळामागे बोट दाखवलं. खाली आमच्या शाळेची कौलं दिसत होती. अगदी जवळ. बसम्मा पाणी भरत होती, तिचं हिरवं लुगडंही ओळखू आलं.
म्हातारी म्हणाली, "पोरी अर्द्या घंट्यात उतरत्यात. तुमी त्या वाटेनं कंदी आलाव न्हाई का?"
नऊ वर्षांत प्रसंग आला नाही.

दुपारी ३
परतीची हकीकत थोडक्यात लिहिते. पायवाटेने उतरून जाण्याचा विचार मनात आला होता, पण मोटार डोंगरावर सोडणं बेजबाबदारपणाचं. साखराबाईंना बाजारला यायचं होतं, त्या दोन कोंबड्या घेऊन मोटारीत चढल्या. घाट उतरल्यावर धारूरकडून येणारी कडब्याच्या गाड्यांची माळ पुढे लागली. तेरा गाड्या. वाट एकेरी. भोंगा वाजवला तर शेवटचा गाडीवान मागे वळून म्हणाला, "बैल बुजतात, मावशे, दम धर की जरा." मला मावशे! दीड कोस त्याच्यामागे, कडब्याची धूळ खात.
शाळेत पोचले साडेबाराला. साहेब बाराला गेले.
काय झालं ते बसम्माकडून कळलं. सगळ्या मुली साडेआठलाच हजर. मोटार जागेवर नाही म्हणून लेकरं वर्गातच घेतली, एकेकीच्या मांडीवर एकेक. साहेब आले. तिने पाणी दिलं, घंटा दिली, कविता म्हणवून घेतली. साहेबांनी तोंडी हिशेब घातले. गंगासागरने पाचही बरोबर सांगितले, तिच्या भावाने तोवर साहेबांच्या शेरवानीचं बटण धरून ठेवलं होतं. "लई हासले, बाई, सायेब. मला म्हनले, तुमी किती सालापासून शिकवता? मी म्हनलं, मी झाडते."
मी विचारलं, निरोप माझा होता तो दिला का नाहीस? ती म्हणाली, "दिला की. बाई मोटार घिऊन येनार हायत म्हनलं. तुमी आपलं सकाळीच निघा म्हनलं."

मुआयना वहीतला शेरा जसाच्या तसा उतरवून घेते:
"हजर मुली सव्वीस. तयारी समाधानकारक. मंजुरी कायम. मुख्याध्यापिका गैरहजर. लहान भावंडांना सांभाळण्यासाठी शाळेने कठड्याची लाकडी गाडी ठेवली आहे, असं शिपाईण बसम्मा यांच्याकडून समजलं. जिल्ह्यात अशी सोय दुसरीकडे नाही. ती इतर शाळांनीही करावी. आज मात्र ती गाडी जागेवर नव्हती. कोणीतरी बाहेर नेली होती. यापुढे ती आवारातून हलवू नये. मुख्याध्यापिकेने वाचून सही करावी."

२२ डिसेंबर
सही केली.
सटव्याने पुढची दोन चाकं मागितली. छकड्याला बसतील म्हणाला. दिली. त्यामुळे मोटार नाकावर आली आणि नऊही लेकरं घरंगळत इंजिनाच्या बाजूला गोळा झाली. बसम्मा म्हणाली, "मग मागलीबी काढा की, बाई." विचार करून परवानगी दिली. आता अगदी सपाट बसली आहे. शेवटी तोल सुंदर साधला. इतकी स्थिर मोटार हैदराबादेतही नसेल.