बाईंचा ओटा

बाई,

गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात एक मुलगी आली होती. तिला भेटल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, आणि तुम्हाला जाऊन आता पंचवीस वर्षं होत आली. म्हणून लिहायला बसले आहे. रविवारची सकाळ आहे, घरातले सगळे बाहेर गेलेत. खाली घोडबंदर रोडवर सुट्टी असूनही गाड्या अडकल्यात आणि त्यांचे हॉर्न सोळाव्या मजल्यापर्यंत येतायत. मी कॉम्प्युटरवर काम करते, बाई. आता फोन खिशात मावतो, आणि त्यावरून डॉक्टरची वेळ घेता येते, तपासणीचे रिपोर्ट बघता येतात. त्यासाठी फोनमध्ये जे काही लागतं ते बनवणाऱ्या एका टीमची मी प्रमुख आहे. गाणं सुटलं. म्हणजे मी गात नाही. पण आमची लिफ्ट थांबताना दोन सूर वाजवते, त्यातला दुसरा कोमल गंधारापेक्षा किंचित चढा आहे, आणि रोज घरी येताना तो मला टोचतो. हे तुमचंच देणं आहे.

तुमच्याकडे गाणं शिकायला मी पहिल्यांदा आले तेव्हा नऊ वर्षांची होते. ठाकुर्लीला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, तळमजल्यावरच्या दोन खोल्या तुमच्या. वरच्या मजल्यावर तुमचे भाऊ आणि वहिनी. तुम्हाला जन्मापासून दिसत नाही, हे आईने मला वाटेत सांगितलं होतं. तरी तुम्ही दार उघडून थेट माझ्याकडे तोंड करून म्हणालात, "चप्पल डाव्या बाजूला काढ, मधे नको," आणि माझा आईवरचा विश्वासच उडाला. पुढे कित्येक महिने मी तुम्हाला चोरून तपासत होते. तुम्ही पेटी वाजवताय, मी समोर बसून सा लावतेय, आणि मधेच जीभ बाहेर काढून बघतेय. एकदा तुम्ही हात न थांबवता म्हणालात, "जीभ आत घे. आकार नीट येत नाहीये." त्यानंतर मी तपासणं सोडून दिलं.

रविवारी क्लास संपला की तुम्ही मला थांबवून घ्यायचात आणि घावन करायचात. तुम्ही घावन कसं करता हे बघायला मिळावं म्हणून मी आठवडाभर वाट बघायचे. वाटीतून पीठ तव्यावर जातं, चर्र असा मोठा आवाज येतो, आणि तुम्ही मान थोडी कलती करून ऐकत उभ्या राहता. मग तो आवाज बारीक होत जातो, त्यात टिचटिच असे तुटक ठिपके येऊ लागतात. "जाळी पडली," तुम्ही म्हणता आणि उलथनं घालता. जाळी पडलेली असते. मी दहा वेळा वाकून बघितलंय, एकदाही तुमचं चुकलं नाही. थंडीत तुम्ही खिडकीशी उभ्या राहून म्हणायचात, "आज गाडी जवळून गेली, म्हणजे गारठा आहे बाहेर." मला वाटायचं तुम्ही गंमत करताय, रूळ काय हलतात थोडेच. कॉलेजात गेल्यावर वाचलं की जमिनीलगतची हवा थंड असली की आवाज वर न जाता खाली वळतो आणि लांबचं जवळ ऐकू येतं. तुम्ही ते कुठे वाचलेलं नव्हतं. तुम्ही ते नुसतं ऐकलेलं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत एकदा तुम्ही मला ठाण्याला तुमच्या बँकेत नेलंत. तुम्ही तिथे टेलिफोन ऑपरेटर होतात. एका लहानशा खोलीत बटनांचा बोर्ड, त्याच्यासमोर तुम्ही, आणि सगळ्या बँकेचे सगळे फोन तुमच्या बोटांतून जायचे. कुठल्या टेबलाचा आकडा कुठला, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. एक माणूस नुसतं "हॅलो" म्हणाला, आणि तुम्ही म्हणालात, "सर्दी झालीये वाटतं साहेब. लॉकरला जोडते." डबा खाताना शेजारच्या टेबलावरच्या एक बाई मला म्हणाल्या, "आजारी आहे म्हणून खोटी सुट्टी घ्यायची असली ना, की आम्ही या जेवायला बसल्यावरच फोन करतो गं." तुम्ही हसलात आणि म्हणालात, "मला माहीत आहे. म्हणून तर मी लवकर जेवते." घरी येईपर्यंत मी तुमच्या हाताकडे बघत होते. एवढं सगळं एका माणसात कुठे ठेवलेलं असतं, हे मला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर अजून कळलेलं नाही.

आणि मग तो रविवार, ज्याच्याबद्दल मी कुणाशीच कधी बोलले नाही. मी अकरा वर्षांची आहे. तुम्ही तवा तापत ठेवलाय आणि वरून वहिनींनी हाक मारली म्हणून गेला आहात. मला वाटतं, बाईंसाठी काहीतरी करावं. ओटा मला नेहमीच पसरलेला वाटायचा. मी डबे उंचीप्रमाणे लावते. सांडशी खिळ्याला अडकवते. गॅसची डावी शेगडी पुसायची म्हणून ती बंद करते, उजवीवर ठेवलेलं पिठाचं पातेलं खाली कोपऱ्यात ठेवते, आणि ती पेटवून तवा तिच्यावर सरकवते. सगळं झाल्यावर दोन पावलं मागे होऊन बघते. ओटा शाळेतल्या प्रदर्शनासारखा दिसतोय. तुम्ही येता, काहीतरी बोलत येता, आणि नेहमीच्या सवयीने उजवीकडच्या पातेल्याला हात घालता. तुमची तर्जनी आणि मधलं बोट तव्यावर पूर्ण टेकतात.

तुम्ही ओरडला नाहीत. नळाखाली हात धरून बराच वेळ उभ्या राहिलात. मी रडत होते. मग तुम्ही विचारलंत, "काय केलंस?" मी सांगितलं, आवरलं म्हणून. तुम्ही दुसऱ्या हाताने सावकाश ओट्यावरून बोटं फिरवलीत, एकेका डब्याच्या झाकणावरून, जणू अनोळखी माणसाचा चेहरा चाचपताय. आणि म्हणालात, "छान दिसत असेल. पण ओटा मला दिसायचा नाहीये, सापडायचा आहे." थोड्या वेळाने म्हणालात, "मदत करायची तर आधी विचारायचं. मला काय हवंय ते मला माहीत असतं." आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. मग तुम्ही मला डोळे मिटायला लावलेत आणि एकेक वस्तू तुम्ही सांगाल तिथे परत ठेवायला लावलीत. मीठ कुठे, जिरं कुठे, काडेपेटी कुठे. तेव्हा मला कळलं की तो पसारा नव्हता. प्रत्येक वस्तू तुमच्या हाताच्या पोचेत, ज्या क्रमाने लागते त्या क्रमाने ठेवलेली होती.

पुढच्याच रविवारी डोंबिवलीला एका सभागृहात तुमचं पेटीवादन होतं. स्वतंत्र, कुणाच्या साथीला नाही; वर्षानुवर्षं साथ केल्यानंतर तुम्हाला पहिल्यांदा मिळालेलं. वहिनी म्हणाल्या, "रद्द करा, पट्ट्या बांधलेल्या हाताने काय वाजवणार?" त्यांनी हेही विचारलं की इतकी वर्षं स्वयंपाक करताय, तवा लागलाच कसा. मी तिथेच, दाराशी उभी होते. तुम्ही म्हणालात, "माझंच लक्ष नव्हतं," आणि पेटी पुढे ओढलीत. त्या आठवड्यात मी रोज शाळेतून तुमच्याकडे येत होते. तुम्ही अंगठा, अनामिका आणि करंगळी, एवढ्यांवर सगळं परत बसवत होतात. जिथे पाच बोटांची धाव होती तिथे तुम्ही एकाच सुरावर थांबून राहायचात आणि भात्याने तो लहानमोठा करायचात. पहिले दोन दिवस ते लंगडत होतं. गुरुवारी लंगडणं थांबलं. शनिवारी तुम्ही वाजवत असताना मी वहीत गणितं करत होते आणि माझा हात आपोआप थांबला.

सभागृहात मी आईबरोबर पहिल्या रांगेत होते. तुम्ही जाड काठाची हिरवी साडी नेसला होतात आणि पट्ट्या पदराखाली झाकल्या होत्यात. लोकांना काही सांगितलं नाही. मी फक्त तुमच्या हाताकडे बघत होते आणि मला पदराआडून दोन बोटं वर धरलेली दिसत होती, बाकीच्यांना फक्त सूर ऐकू येत होते. एखाद्या सुरावर तुम्ही इतका वेळ राहायचात की पंख्याचा आवाज त्याच्यात विरघळल्यासारखा व्हायचा. कार्यक्रम झाल्यावर एक म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, "बाई, आज फार मोकळं वाजवलंत. कमी सुरांत." तुम्ही म्हणालात, "हो, आज गर्दी जरा कमी होती." त्यांना वाटलं तुम्ही श्रोत्यांबद्दल बोलताय. ते म्हणाले, "छे हो, हॉल तर भरलेला होता."

आता त्या मुलीबद्दल सांगते. आमच्या ॲपला आम्ही नवं रूप दिलं होतं. सहा महिन्यांचं काम. शब्द काढून त्यांच्या जागी चित्रं टाकली, बटनं वरची खाली आणि खालची वर नेली. सगळ्यांना आवडलं, मलाही आवडलं. मग एक तक्रार आली. कल्याणची मुलगी, फिजिओथेरपिस्ट, अंध. फोन तिला पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो, त्यावर तिचं चालतं. आमच्या चित्रांना आम्ही नावंच दिली नव्हती, त्यामुळे तिचा फोन तिला नुसतं "बटन, बटन, बटन" म्हणून सांगत होता. तिने अंदाजाने आईसाठी तपासणीची वेळ घेतली, ती भलत्याच दिवसाची निघाली, आणि मायलेकी उन्हातान्हात हॉस्पिटलला जाऊन दिवसभर बसून परत आल्या. मी तिला फोन केला, माफी मागितली, आणि विचारलं की एकदा येऊन दाखवशील का. मी आधी विचारलं, बाई.

ती आली. काठी घडी करून पिशवीत टाकली, पाणी प्यायली आणि फोन काढला. त्याचा पडदा तिने पूर्ण काळा करून ठेवला होता. म्हणाली, मला उपयोग नाही आणि बॅटरी वाचते. तिचा फोन बोलायला लागला, तो इतक्या वेगाने की मला एक अक्षर कळेना. तिला सगळं कळत होतं. काळ्या काचेवर तिची बोटं चालत होती आणि मी तशीच बघत बसले होते जशी त्या बँकेत बसले होते. ती म्हणाली, "मॅम, राग नका मानू. तुमचं जुनं ॲप एकदम बोअर होतं असं माझी बहीण बोलायची. पण मला ते पाठ होतं. हे नवीनवालं भारी दिसत असेल, मला काय सापडतच नाही ना."

मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

मग साहेबांना बोलावलं. जुनं परत लावायचं तर त्यांची परवानगी हवी होती, आणि नव्या रूपाचं कौतुक वरपर्यंत पोचलेलं होतं. ते म्हणाले, "अगं, पण असे लोक आहेत किती आपल्याकडे?" ती समोरच बसलेली होती. मी म्हटलं, "सर, ते नंतर बघू. आधी तुम्ही एक वेळ घेऊन दाखवा," आणि त्यांच्या फोनचा पडदा काळा करून, वाचणारा आवाज चालू करून त्यांच्या हातात दिला. ही नोकरी मला हवी आहे. पाच मिनिटं साहेबांचं बोट त्या काचेवर भरकटत होतं आणि फोन "बटन, बटन" म्हणत होता. शेवटी तीच म्हणाली, "सर, जुनं आहे का कुणाच्या फोनमध्ये? द्या, मी करून देते." आमच्यातल्या ॲप तपासणाऱ्या एकाकडे होतं. तिने काचेवर चार-पाचदा बोट टेकवलं आणि वेळ घेतलेली होती. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "जुनी मांडणी परत आण. आणि पुढच्या वेळी हिला आधी बोलाव, मला नंतर." सोमवारी ती मांडणी परत आली. मुलीचा निरोप आला: "मिळाली आईची वेळ. थँक्यू मॅम." त्या दिवशी ती निघताना मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं होतं, घावनाचंसुद्धा. ती म्हणाली, "हां, आवाज बदलतो ना. त्यात काय एवढं?"

तुम्ही गेलात तेव्हा माझी परीक्षा चालू होती आणि मी आले नाही. आले असते तरी चालण्यासारखं होतं, पेपर दोन दिवसांनी होता. तुमची ती बिल्डिंग पाडली, तिथे आता उंच टॉवर आहे. वहिनी त्यातच राहतात असं ऐकते. त्यांना हे पत्र नेऊन देता येईल, पण ते त्यांच्यासाठी नाही. आणि तुम्ही असतात तरी कागदावरचं हे सगळं तुम्हाला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं. तुमच्या कपाटात ती जाडजूड पुस्तकं होती, ज्यांच्या पानांवर नुसते टिंबांचे उंचवटे होते. मी सात वर्षं तुमच्याकडे आले आणि ते कसं वाचतात हे एकदाही विचारलं नाही. या आठवड्यात मी ब्रेल लिहायची पाटी आणि टोचणी मागवली. उजवीकडून डावीकडे, उलटं टोचत जायचं, मग कागद पालटायचा. आज सकाळी तासभर खपून एकच शब्द लिहिला, "बाई". कागद पालटून डोळे मिटले आणि बोट फिरवलं. बोटाला काही कळलं नाही. मग मी डोळे उघडून वाचला.