सहावं नाव

प्रिय सलीमभाई,

परवा ड्राफ्ट आहे. रविवारी संध्याकाळी, नेहमीच्याच हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये. अकरा वर्षं मी ड्राफ्टच्या आठ दिवस आधी माझ्या अंदाजाची यादी पाकिटात घालून, पाकीट चिकटवून तुमच्या हातात देत आलो. यंदा ती कुणाला द्यायची हे ठरवता ठरवता आठाचे दोन दिवस उरले. आज शुक्रवार, ऑफिस अर्धा दिवस. मीरा आणि रेवा बाहेर गेल्यात. दुबईत, मनखूलच्या या घरात दुपारी एसीच्या आवाजाशिवाय काही नसतं. तेव्हा यादी तुम्हालाच द्यावी, असं ठरवून बसलो आहे.

पण त्याआधी तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

परवा रेवाने विचारलं, ड्राफ्ट म्हणजे नक्की काय. तिला सांगितलं, आपल्या फुटबॉल लीगमध्ये आठ टीम. दर वर्षी प्रत्येक टीम आपले पाच खेळाडू राखते, बाकी सगळे एका यादीत जातात. मग कॅप्टन एकेक करून नावं पुकारतात, प्रत्येकी सहा. ज्याचं नाव कुणीच पुकारत नाही तो वर्षभर घरी.

"आणि ते सगळे तिथेच उभे असतात?" तिने इंग्रजीत विचारलं.

"हो. भिंतीला टेकून."

"दॅट्स सो मीन, बाबा."

मी म्हटलं, त्यानंतर बिर्याणी असते. सलीमभाई, अकरा वर्षांत हे आपल्या दोघांच्या डोक्यात का आलं नाही? आपण भिंतीकडे पाठ करून बसायचो आणि आपापल्या अंदाजावर खुणा करायचो. विल्सन पहिला जाईल म्हटलं होतं, गेला. टिक. कोण उरला ते बघायला मान वळवल्याचं मला आठवत नाही.

आपल्या खेळाचा नियम तुम्हीच केला होता. यादीत काय व्हावं ते लिहायचं नाही, काय होईल ते लिहायचं. मला तो फार आवडला होता. दिवसभर मी टेंडरचे अंदाज काढतो. तिथे जयवंतसाहेबांना हवा तो आकडा आला नाही तर पुन्हा काढावा लागतो. म्हणून ही एक तरी यादी अशी होती जिच्यात कुणाची मर्जी नव्हती. सहापैकी चार, कधी पाच नावं बरोबर यायची. डायरीत मी ते लिहून ठेवायचो. आज सांगायला लाज वाटते, पण त्या टिकांचा मला अभिमान होता.

सहावं नाव मात्र हमखास चुकायचं. गेली तीन वर्षं लागोपाठ. मी कुणाचंही लिहिलं तरी आपल्या टीमचे कॅप्टन म्हणून जयवंतसाहेब शेवटी पुकारायचे, "इम्तियाज." तुमचा धाकटा भाऊ. बेचाळीस वर्षांचा गोलकीपर, गुडघ्याच्या दुखण्यानंतर डावीकडे पडायला घाबरणारा. मी म्हणायचो, सलीमभाई, हे गणित मला सुटत नाही. तुम्ही चहाचा घोट घेऊन हसायचात. "अनिभाऊ, सहावा पिक अल्लाच्या हातात असतो."

मागच्या सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझ्या व्हिसाच्या नूतनीकरणाचे कागद होते. मला वाटलं त्यासाठीच बोलावलंय.

"यल्ला, चल अनिरुद्ध, यादी कुठाय?"

"कसली यादी, साहेब?"

"अरे, ड्राफ्टची. सलीमभाई द्यायचे ती. रविवार आला की."

त्यांनी खणातून एक फाइल काढली आणि तीन झेरॉक्स माझ्यापुढे ठेवल्या. माझं अक्षर. माझे अंदाज, माझी कारणं, कोण कितव्या वळणावर शिल्लक असेल ते बाणांनी दाखवलेलं. आणि तिन्ही कागदांवर सहाव्या नावावर एक रेघ, पुढे निळ्या पेनाने, तुमच्या त्या टपोऱ्या मराठी शाळेतल्या अक्षरात, "इम्तियाज".

"मला कुठला वेळ असतो रे मॅच बघायला? मी मैदानावरही फोनवरच असतो," साहेब म्हणाले. "सगळं तुझंच डोकं. मी फक्त वाचून दाखवायचो. तू ते सहावं नाव मात्र दर वर्षी बदलायचास. मी म्हटलं, विचार करून करत असेल."

सलीमभाई, तिन्ही झेरॉक्स उचलून मी बाहेर आलो.

आता सगळं आठवतं. पाकीट परत हातात यायचं तेव्हा त्याचा गोंद ताजा वाटायचा. एका वर्षीच्या डायरीत मी लिहिलंही आहे, "पाकीट माझंच होतं का?" आणि खाली, "संशय घेणं हा माझा स्वभाव होत चाललाय, सावध राहावं." कंपनीची सगळी ड्रॉइंग आणि सगळी पत्रं तुमच्या हाताखालून जायची. एक पाकीट उघडून झेरॉक्स काढणं तुम्हाला किती सोपं. आणि मी ते विश्वासाने तुमच्याकडेच ठेवायला द्यायचो, म्हणजे कुणाला फसवाफसवीची शंका यायला नको!

म्हणजे माझे अंदाज बरोबर येत नव्हते. माझे अंदाज वाचून दाखवले जात होते. मी लिहायचो, म्हणून ते व्हायचं. आणि गेली तीन वर्षं जो अंदाज हटकून चुकायचा, तो ज्या हातात होता त्यात निळं पेन होतं.

रागावलो का? दोन दिवस फार रागावलो होतो. पण टिकांचा राग ओसरला तेव्हा त्या खोडलेल्या नावांकडे बघायला लागलो. पहिल्या वर्षी पनवेलचा प्रकाश. त्यानंतर तो मैदानावर दिसलाच नाही, मी चौकशीही केली नाही. दुसऱ्या वर्षी कुणी तरी बदली होऊन अबू धाबीला गेलेला. आणि मागच्या वर्षी शिहाब. एसी दुरुस्तीचं काम करणारा, केरळचा, डाव्या बाजूने धावणारा. बिर्याणीच्या रांगेत तो माझ्यामागे होता. कुणी तरी त्याला सांगितलं असावं की हा माणूस अंदाज काढतो. त्याने विचारलं, "साब, मेरे में क्या कम था?"

मी म्हटलं, "कम कुछ नहीं. नसीब."

खरंच तसं वाटत होतं तेव्हा.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर उम्म अल कुवैनला, इम्तियाजच्या खोलीवर गेलो. तुम्ही गेल्यापासून दर शनिवारी मॅचसाठी इम्तियाजला आणायला मीच जातो. तुम्ही जायचात म्हणून. पण बुधवारी बोलायला गेलो होतो. म्हटलं, त्यालाच विचारू, यंदा खेळायचं आहे का. कदाचित तो स्वतःच नको म्हणेल. सलीमभाई, मी गाडी चालवताना त्या नकाराची इतकी वाट बघत होतो की माझी मलाच शरम वाटली.

तो गोदामाच्या बंद शटरवर बॉल मारत होता. शटरवर आपटून येणारा बॉल अडवायचा, पुन्हा मारायचा. सगळे डावीकडे. त्या गुडघ्यावर. हातात नवे ग्लोव्हज.

"अनिभाऊ, बुधवारी कसे आज?"

"इकडे साइट होती."

खोटं. त्याने मला आत नेऊन चहा दिला. खोलीत चौघं राहतात, दोन माणसं झोपली होती, म्हणून तो हळू आवाजात बोलत होता. घरचे सगळे गावी. आठवड्यात सहा दिवस ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मोजायच्या. "शनिवार आहे म्हणून बाकीचे दिवस जातात," म्हणाला. मग विचारलं, "यंदा यादी काय म्हणते?"

"कुठली यादी?"

"तुमची. भाईजान सांगायचे ना मला. अनिभाऊच्या यादीत तुझं नाव असतं, म्हणून साहेब तुला घेतात." तो हसला. "मी कधी बोललो नाही. म्हटलं, उगाच तुम्हाला संकोच."

आणि तेव्हा कोकमांचा उलगडा झाला. दर सुट्टीनंतर गावाहून येताना तो माझ्यासाठी कोकमं आणायचा. मीरा म्हणायची, किती माया आहे बघ त्यांची. मीही तेच समजायचो. ते आभार होते. मी न केलेल्या गोष्टीचे.

तुम्ही हे का केलंत? भावाला घ्यायला लावलंत ते मला समजतं. पण ते श्रेय माझ्या नावावर का टाकलंत? तुम्ही स्वतः कधी कुणाकडे काही मागितलं नाही, हे मला ठाऊक आहे. भावासाठी शब्द टाकायचा संकोच वाटला असेल. म्हणून माझ्या अक्षराच्या आडून टाकलात. मला एकदा विचारलं असतंत तर? मग वाटतं, विचारलं असतंत तर मी नियम काढून दाखवला असता. काय व्हावं ते लिहायचं नाही, सलीमभाई, तुम्हीच तर म्हणाला होतात. हे तुम्हाला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाहीत ना?

इम्तियाजला मी काय उत्तर दिलं विचाराल. म्हटलं, "इन्शाल्ला, बघू." इथे सगळे असंच म्हणतात, त्यात हो पण येतं आणि नाही पण. वीस वर्षांत मी इथून एवढं तरी शिकलो.

परतीच्या रस्त्यात दोन्ही बाजूंनी विचार केला. इम्तियाजचं नाव लिहिलं तर शिहाबला दुसऱ्यांदा मीच खोडतो, आणि यंदा उघड्या डोळ्यांनी. नाही लिहिलं तर तुमच्या भावाला भिंतीशी उभं करून ठेवतो, आणि तो मला विचारेल, अनिभाऊ, यंदा काय झालं. यादी दिली नाही तर साहेबांचे ते कागद टेबलावर आहेत. ते धमकी देणारे नाहीत, मला माहीत आहे. तरी सही होईपर्यंत माणूस वाकून चालतो, हे तुम्ही मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. टीम त्यांची, नोकरी त्यांची, इथे राहायची परवानगी त्यांच्या कागदावर. रेवाचं दहावीचं वर्ष. कुठूनही निघालं तरी वाट त्याच केबिनशी येऊन थांबते.

फेब्रुवारीतही असंच झालं होतं. तुमची पेटी गावी न्यायची होती. साहेब म्हणाले, "एकालाच सोडता येईल, टेंडर आहे." इम्तियाजच जाणार, हे बरोबरच होतं. पण मी मागितलीही नाही रजा. विमानतळावर कार्गोच्या दारापर्यंत आलो आणि परत येऊन सिमेंटच्या गोण्यांचा अंदाज पूर्ण केला. तो आकडा बरोबर निघाला. त्या दिवशी तो चुकायला हवा होता.

काल सकाळी केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "साहेब, यंदा मी यादी देणार नाही."

"म्हणजे? झाली नाही अजून?"

"झाली आहे. पण तो माझा अंदाज आहे. निवड तुमची. तुम्हीच ठरवा."

ते आधी हसले, मग हसायचे थांबले. "माझ्यावर काही राग आहे का?"

"नाही."

"मग मला खेळाडूंमधलं काय कळतं?"

"शनिवारी फोन गाडीत ठेवा, साहेब. कळेल."

हे मी बोललो यावर माझाच विश्वास बसत नाही. त्यांनी फाइल बंद केली. "खलास. मग बघतो मीच." व्हिसाचे कागद होते तिथेच आहेत. आज दुपारपर्यंत सही नव्हती.

हे धैर्य होतं की हात झटकणं, ते अजून ठरत नाही. यादी न देणं हीसुद्धा एक निवडच झाली ना? निळं पेन मी उचललं नाही, पण ते तुमच्या खणातून कुणी तरी उचलावं असं मनात होतंच.

तर ही यंदाची यादी. तुमच्याकडे देतो, कारण आता तुम्ही ती कुणाला दाखवू शकत नाही.

आपली पाळी तिसरी आहे. पहिले दोघं पुढच्या फळीतले धावणारे उचलतील, म्हणून विल्सन आपल्यापर्यंत येईल. दुसरा ओमर, शारजाचा गोलकीपर, चोवीस वर्षांचा. तिसरा गुरुंग. त्याची सिक्युरिटीची ड्युटी बदलत असते म्हणून बाकीचे घाबरतात, पण साहेब त्याच्या मॅनेजरला ओळखतात. चौथा निनाद, पाचवा त्याचा रूममेट. गाडी निनादकडे आहे, एकाला घेतलं की दुसरा आपोआप येतो.

सहावा शिहाब.

काय व्हावं ते लिहायचं नाही, म्हणून हेच लिहितो. ओमर आल्यावर इम्तियाजला जागा नाही. मी दहा वेळा तपासलं.

पण सलीमभाई, सहावं नाव माझं नेहमी चुकतं. आणि शिहाबलाही घरी बसवायचं नाहीये मला. हे दोन्ही एका वेळी कसं होईल, तेवढं मला काढता येत नाही.

एवढा शब्द देतो. रविवारी मी भिंतीकडे पाठ करून बसणार नाही. इम्तियाजशेजारी भिंतीला टेकून उभा राहीन, शेवटचं नाव पुकारेपर्यंत. निळ्या पेनाचं त्याला सांगणार नाही, ते तुमचं आहे. पण जाताना गाडीत त्याने पुन्हा विचारलं, यादी काय म्हणते, तर यंदा इन्शाल्ला म्हणणार नाही. जे लिहिलंय ते सांगेन. आणि नाव आलं, नाही आलं, तरी त्याला उम्म अल कुवैनला मीच सोडेन. पुढच्या शनिवारीही आणायला जाईन. मॅच असो वा नसो.

कोकमं अजून अर्धी बरणी आहेत.

तुमचा,
अनिभाऊ